बुटका कांगारू

ओहोटीच्या खडकावर बायका कालवं काढत होत्या. धाकू त्यांच्यात येऊन बसला. तान्ही लेक त्यानं वारलेल्या बायकोच्या लुगड्यानं छातीशी बांधली होती. होडीवर तिला नेता येईना, म्हणून त्यानं होडीच सोडली.

"आला गं बुटका कांगारू!" बायका खिदळल्या.

नातीला न्यायला आलेली सासू हसली नाही. शंखातली गोगलगाय उचलून म्हणाली, "ही अंडी चिकटवते नि चालू लागते. बापाची जातही अशीच, जावईबापू. पोर द्या."

"मग मी कांगारूच बरा, मामी. त्याच्या पिशवीतलं पोर कुणी मागत नाही."

लेक रडली. सासूनं हात पुढे केले. त्यानं गाठ आवळली आणि कोयती कालवावर मारली.

"भरतीला तासभर उरलाय. बसायचं तर बसा, नाहीतर उजेडातून बाजूला व्हा."