'त्रिकाल'मधली नेमणूक

हेमांगीला 'त्रिकाल'मध्ये नोकरी लागली, तशी अख्खी सोसायटी तिच्या दारात लोटली. साताऱ्यात पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर सुरू झालेल्या त्या कंपनीचं सॉफ्टवेअर आता जगभरची इस्पितळं आणि कोर्टं चालवत होतं. तिथे माणूस घेतल्याचं तर कित्येक वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं!

"पण काम काय गं?" सासूबाईंनी विचारलं.

"आपल्या निर्णयांवर हल्ली कुणी शंकाच घेत नाही, याची त्या सॉफ्टवेअरला धास्ती वाटतेय," हेमांगी पेढे वाटत म्हणाली. "मी रोज त्याला विचारायचं, 'हे कशावरून?' त्यानंच निवडलंय मला!"

"आणि या कामाला तूच योग्य, हे कशावरून?"

हेमांगीच्या हातातला पेढा हातातच राहिला. हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. मग तिनं सासूबाईंना कडकडून मिठी मारली.

"आई, उद्या माझ्याऐवजी तुम्हीच रुजू व्हा!"