बोट उचलायची सवय

गिटारवर तिसऱ्या कॉर्डवरून चौथीवर जाताना टायपिस्टची चारही बोटं पुन्हा एकदम उचलली गेली आणि गाण्यात खड्डा पडला.

पावणेचार झाले होते. चारला बहीण येणार होती. सहाला तिचा जॅझचा कार्यक्रम, तोही नऊ वर्षांनी. साथीला गिटार दादाने धरायची की क्लबातल्या वादकाने, हे ती आल्यावर ठरणार होतं. परवा तिने स्पष्टच सांगितलं होतं, "दादा, तू बोटं उचलतोस ना, तेवढ्यात मी भर गाण्यात एकटी पडते."

दोन्ही कॉर्डना लागणारं बोट तारेवरून हलवायचं नाही, बाकीची सरकवायची. एवढंच. पुस्तकातलं ते पान त्याला पाठ होतं. पण एकतीस वर्षं कचेरीत त्याने नेमकं उलट केलेलं. अक्षर उमटलं की बोट वर. रेंगाळलं तर टंकयंत्राचे खिळे एकमेकांत अडकायचे. डोक्याला पटलं होतं, बोटांना कोण समजावणार?

त्याने खिडकी लावली. परत उघडली. पाणी प्यायला. बसला. पुन्हा खड्डा.

"अहो, बसा की जरा एका जागी," बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली. "गिटारपेक्षा खुर्चीच जास्त वाजतेय."

बहीण आली. पर्स खांद्यावर तशीच. "घे," म्हणाली आणि गायलाच लागली.

पहिली. दुसरी. तिसरी. मधलं बोट त्याने नख पांढरं पडेस्तोवर दाबून धरलं. बाकीची सरकली आणि गिटारच्या भलत्याच पडद्यावर जाऊन बसली. कॉर्ड चुकली, पण आवाज तुटला नाही. बहिणीने चमकून पाहिलं, चाल किंचित वाकवली आणि त्या चुकीवरूनच पुढे गेली.

गाणं संपलं.

"चुकली ना गं?"

"साफ चुकली."

"मग बोलाव त्यांना." तो गिटारची खोळ शोधायला लागला. खोळ समोरच होती, तरी दिसेना.

बहिणीने क्लबातल्या वादकाला फोन लावला. "हॅलो, हो, आजच. सहाला. या ना, नक्की या." तिने दादाकडे पाहिलं. "फक्त, रिकाम्या हातानं या, ऐकायला."