उन्हाळ्यात होडी नको

"उन्हाळ्यात होडी घालायची नाही, असं तुझे बाबाच सांगायचे. आता तर जानेवारी आहे!" पिंपळखरेकाका मोटरबोटीतून ओरडले. फ्लोरिडातल्या आमच्या महाराष्ट्र मंडळाची सहल त्यांच्यामागे बसली होती. झऱ्याच्या तोंडाशी मी माझी छोटी होडी आडवी लावली होती.

बाबा जाऊन महिना झाला होता. त्यानंतर आज पहिल्यांदा मला हसू आलं. "काका, आम्ही राजापूरकडचे. आमच्याकडे उन्हाळं म्हणजे गरम पाण्याचा झरा. उन्हाळ्यात नको, म्हणजे या झऱ्यात नको."

"अरे देवा! आणि आम्ही नागपूरकर दर मे महिन्यात बोट बांधून ठेवत होतो!" बोटीत हशा पिकला.

माझ्या होडीखाली, झऱ्याच्या उबेत, समुद्रगाई, म्हणजे इथले मॅनाटी, पिल्लांना पोटाशी घेऊन निजल्या होत्या. बाहेर नदीचं पाणी गारठलं होतं. इंजिनाला बुजून तिकडे गेल्या असत्या, तर थंडीनंच मेल्या असत्या.

"बरं, आता आलोच आहोत तर हळूच एक फेरी मारतो. बाजूला हो बघू," काका म्हणाले. "तुझे बाबा असते तर नाही म्हणाले नसते."

"नसतेच म्हणाले. ते भिडस्त होते," मी म्हणाले. "मी नाही. इंजिन बंद करा."

"अगं, पोरं एवढ्या लांबून आलीत!" बोट पुढे सरकली.

मी वल्हं आत घेतलं आणि हाताची घडी घालून बसले. बोटीचं नाक माझ्या होडीला येऊन टेकलं. मग काकांनीच इंजिन बंद केलं.