खोळ

"बंद करून पुन्हा चालू करून बघितलंत का?"

काउंटरपलीकडच्या बाईंनी मान वर न करताच विचारलं. काकांनी "हो" म्हटलं. सर्व्हिस सेंटरच्या या खिडकीवर हा प्रश्न त्यांना तिसऱ्यांदा विचारला जात होता, आणि तिन्ही वेळा विचारणारं माणूस नवं होतं. गेम खेळायचं यंत्र तेच, दुखणं तेच, आणि तासभर बसवणारा बाकही तोच, एका बाजूला कलणारा. वॉरंटी संपायला चार दिवस उरले होते.

काकांची स्वतःची तीस वर्षं पोस्टाच्या पार्सलखिडकीत गेली होती. "उद्या या" हे त्यांनी इतक्या जणांना ऐकवलं होतं, की आता स्वतः ऐकताना धड रागही येत नसे. करावं तसं भरावं, दुसरं काय!

"नेमकं काय होतं?"

"सुरू होतं. मग घरघर लागते आणि दहा मिनिटांत मान टाकतं."

"मुलं खेळतात?"

"मीच खेळतो," काका जरा ओशाळून म्हणाले. "मुलगा परदेशात असतो. रविवारी दुपारी तो तिकडून, मी इकडून. गाड्यांची शर्यत."

यापुढचं काही त्यांनी सांगितलं नाही. फोनवर बापलेकांचं बोलणं दोन वाक्यांत उरकायचं. जेवलास का? जेवलो. पण हातात ती बटणं आली की पोराला वाचा फुटायची. साहेब कसा छळतो, रात्री झोप का लागत नाही, सगळं तो गाडी वळवता वळवता सांगून टाकायचा. काकू शेजारी बसून ऐकायच्या. आवाज टीव्हीतून यायचा, पण त्या उत्तर द्यायच्या ते यंत्राकडे वाकून. पोरगं त्या डब्यातच बसलंय, अशी त्यांची पक्की समजूत होती. मागच्या दोन दुरुस्त्यांत मिळून अकरा रविवार बुडाले होते.

"काढा बाहेर," बाई म्हणाल्या.

काकांनी पिशवीतून यंत्र काढून काउंटरवर ठेवलं. त्याच्या अंगावर निळ्या कापडाची खोळ होती. पहिल्या खेपेला इथल्याच एका मुलानं "आत धूळ गेलीय" म्हणून सांगितलं होतं, आणि काकूंनी ते भलतंच मनावर घेतलं होतं. त्यांनी दुपदरी खोळ शिवली. दुसऱ्या खेपेनंतर तिला आतून अस्तरही लागलं.

बाईंनी कापडावरून हात फिरवला. "हे चालू असतानाही घालता?"

"कायम! वायरींना काजं ठेवलीत बघा," काका कौतुकानं म्हणाले. "बायकोनं हातानं केलीत. कण म्हणून आत जात नाही."

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. चष्मा काढून डोळे चोळले.

"काका, याला आतली गरम हवा बाहेर सोडावी लागते. तुम्ही त्याला भर उन्हात स्वेटर घालून पळवताय."

काकांचे कान तापले. "म्हणजे, धुळीनं नाही?"

"धुळीनं इतकं होत नाही."

त्यांनी फॉर्म पुढे ओढला. त्यावर एक ओळ होती : यंत्र उघड्यावर, हवेशीर जागी ठेवले होते. होय किंवा नाही. 'नाही'वर खूण झाली की वॉरंटी गेली, हे काकांना कुणी समजावून सांगायला नको होतं. वरच्या कापडाची शिवण नीट नाही एवढ्यावरून त्यांनी किती पार्सलं परत पाठवली होती, त्याला गणती नव्हती. ते पेनाकडे बघत राहिले.

पेन हललं नाही. बाई त्या काजांकडे बघत होत्या. एकेक टाका दुसऱ्याला चिकटून, दाण्यासारखा बसलेला. मग त्यांनी खोळ अलगद काढली, तिची चौघडी घातली, काकांच्या पिशवीत ठेवली आणि पिशवीची चेन ओढून घेतली.

"यंत्र उघडंच आणलंत तुम्ही," त्या म्हणाल्या, आणि 'होय'वर खूण केली. "तीन आठवडे लागतील. इथं सही करा."

काकांनी सही केली. तीस वर्षांत आपण कुणासाठी असं काही केलं होतं का, ते आठवायला लागले. एकही प्रसंग आठवेना. आभार मानायला तोंड उघडलं, तोवर बाईंनी पुढचा नंबर पुकारला होता.

बाहेर पायऱ्यांवर येतात न येतात तोच फोन वाजला. काकू होत्या. मागे शिलाई मशीनची खडखड चालू होती.

"घेतलं का हो त्यांनी?"

"घेतलं. तीन आठवडे."

"धूळच ना? मला वाटलंच! अहो, जाड कापड काढलंय मी आता. खालून चेन लावते. मुंगी शिरायची नाही!"

काका पायरीवर बसले. खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. पण मग ती बोटांवर अकरा रविवार मोजणार, आणि सगळे स्वतःच्या माथ्यावर घेणार.

"ऐक," ते म्हणाले. "जाड नको. मच्छरदाणीचा तुकडा उरलाय ना, त्याची शीव. जाळीची."

"जाळीची? आणि धूळ?"

"जाऊ दे थोडी. जाड कापडाखाली त्याचा आवाज दबतो गं. तू किती वाकून ऐकतेस, तरी तुला नीट ऐकू येत नाही."

खडखड थांबली. काकूंनी फोन मात्र ठेवला नाही. काका तो कानाला लावून तसेच बसून राहिले, आणि पलीकडून कात्रीनं टाके उसवल्याचा बारीक आवाज येत राहिला.