चौथ्या सिलिंडरचा रॉड

आर्लीन थोरसनने दार उघडलं तेव्हा वेंडल प्रुइट पायऱ्या उतरून आपल्या गाडीकडे निघालाही होता.

"पळतोस कुठे?" ती ओरडली. "दहा मिनिटं खिडकीतून बघतेय, बेल वाजवतोस की नाही ते."

वेंडलने टोपी काढली. अकरा वर्षांत आर्लीन वाळली होती, केस पिकले होते. आवाज मात्र तोच, गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाणारा.

"गवत फार वाढलंय तुझ्या अंगणात," काहीतरी बोलायचं म्हणून तो म्हणाला.

"कापायचं मशीन बंद पडलंय."

"तुझ्या घरात? वडिलांच्या धावपट्टीवर अख्खी विमानाची इंजिनं उघडून जोडायचीस तू!"

"आता शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलते. आत ये. चेरीचा केक केलाय. खालून करपलाय, पण बोलायचं नाही."

तो स्वयंपाकघरात जाऊन बसला. टेबलावर कंपनीचं पत्र पडलं होतं. तसंच पत्र वेंडलच्या खिशातही होतं. डेट्रॉइटची ती कंपनी आता स्वतःचं संग्रहालय उघडत होती आणि दर्शनी भागात १९६४ सालचं ॲल्युमिनियमचं इंजिन मांडणार होती. खाली पितळी पाटी, तिच्यावर इंजिन बनवणारा म्हणून वेंडलचं नाव. फीत कापायला गिल थोरसनची विधवा, आर्लीन.

तशी तीनच इंजिनं बनली होती. कागदोपत्री कंपनीचा शर्यतींशी काडीचा संबंध नव्हता, त्यामुळे ती मागच्या दाराने गिलसारख्या ड्रायव्हरकडे जायची. वजनाला निम्मी, मिनिटाला आठ हजार फेरे. गिल इंजिनाला 'वेंडलची पोरगी' म्हणायचा. सराव संपला की फोन करायचा, "तुझी पोरगी आज काय गायली रे!"

विस्कॉन्सिनमधल्या मेपल रिजच्या शर्यतीत बाविसाव्या फेरीपर्यंत गिल सगळ्यांच्या पुढे होता. मग इंजिनातला, पिस्टनला जोडलेला एक रॉड सुटला आणि ॲल्युमिनियम फोडून बाहेर आला. तेल मागच्या चाकांवर उडालं. गाडी वळणावरून सरळ झाडांत गेली. गिल जागीच गेला. चौकशीच्या अहवालात एवढंच होतं : चौथ्या सिलिंडरचा रॉड निकामी, कारण अज्ञात.

महिन्याभरात वेंडलने नोकरी सोडली. तेव्हापासून तो शाळेच्या बसगाड्या तपासायचा. केसाएवढा तडा दिसला तरी बस उभी करायचा. ड्रायव्हर मागून त्याला 'नाही-प्रुइट' म्हणायचे.

"मी निळा ड्रेस धुवायला दिलाय," आर्लीन केक कापत म्हणाली. "फीत कापायची म्हणजे जरा बरं दिसायला नको?"

"तू जाऊ नकोस."

"का? निळा शोभत नाही मला?"

"आर्लीन, तो रॉड..." वेंडलने टोपी टेबलावर ठेवली. "चौथ्याचा. इंजिन जोडायच्या आधीच मला त्याच्यावर तडा दिसला होता."

तिचा सुरीचा हात थांबला.

"केसाएवढा. नवे रॉड शनिवारी यायचे होते, तेही परस्पर ट्रॅकवर. मला वाटलं, एक शर्यत निघेल. इंजिन तसंच जोडून बंद केलं, ट्रकवर चढवलं. नुसता फोन करून सांगितलं असतं, की उघडा आणि तेवढा बदला, तरी चाललं असतं. पण मग वरच्यांना कळलं असतं. सगळं काम गुंडाळलं असतं त्यांनी. गिलने फोनवर विचारलं, 'पोरगी धडधाकट आहे ना?' मी हो म्हणालो."

आर्लीनने कॉफी ओतली. निम्मी बशीत सांडली.

वेंडलने खिशातून लिफाफा काढून तिच्यासमोर ठेवला. "सगळं लिहून आणलंय. खाली सही आहे. कंपनीला दे, वर्तमानपत्राला दे. तू दर नाताळला मला कार्ड पाठवतेस. 'मुलांना आशीर्वाद,' म्हणून लिहितेस. मी एकही मांडून ठेवू शकलो नाही घरात. मला हाकलून दे, पण कार्ड पाठवू नकोस."

तिने कागद बाहेर काढला. चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग परत पहिल्या ओळीवर आली.

"हे चूक आहे," ती म्हणाली.

"चूक कसं? मी माझ्या डोळ्यांनी पाहिला तडा."

"मीही पाहिला."

"कधी?" वेंडलने विचारलं.

"शनिवारी, ट्रॅकवर," ती म्हणाली. "तुमचा नियम होता, इंजिन कुणी उघडायचं नाही. मी कधी ऐकलंय? हातात आलं की उघडायचं, ही माझी सवय. तडा दिसला. तुझ्यासारख्याच्या नजरेतून तो सुटणार नाही, हेही कळलं. बोंब मारली असती तर तुझी नोकरी गेली असती. दुसरं पोर नुकतंच झालं होतं तुला. म्हणून गिललासुद्धा बोलले नाही. नुकताच आलेला नवा रॉड घातला आणि तुझा तळ्यात फेकून दिला."

वेंडलने टेबलाची कड घट्ट धरली. अकरा वर्षांचं ओझं छातीवरून सरकत होतं. त्याला रडू येईल की हसू, ते त्यालाच कळेना.

"म्हणजे तो... तो माझा नव्हताच?"

"नव्हता."

"मग नवाकोरा रॉड बाहेर आला कसा?"

आर्लीनने चष्मा काढला. दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली.

"गिल सरावाला चल म्हणून बाहेरून हाका मारत होता. घाईत मी त्या रॉडचे नट नुसते हाताच्या अंदाजाने आवळले, वेंडल. किती घट्ट बसले ते दाखवणारा मापाचा पाना लावायचा राहून गेला."