क्राउन-पिनियनची जोडी

ट्रक पुन्हा अडला. बाबांच्या गॅरेजमागच्या खडीच्या चढावर धाकटीने चारही चाकांना जोर देणारा फोर-व्हीलचा दांडा ओढला, आणि गाडी हातभर पुढे जाऊन अशी उसळली की तिचं डोकं टपाला आपटलं. पुढची चाकं एक म्हणत होती, मागची दुसरंच. दांडा आता माघारीही येईना. तिने स्टिअरिंगवर मूठ हाणली आणि येत होत्या तेवढ्या शिव्या मनातल्या मनात देऊन घेतल्या.

बाबा हात पुसत आले. "काय झालं?"

"काय होणार? तेच. पुढचं-मागचं जुळलेलं नाही."

"जुळलंय. मी स्वतः गिअरचे दात मोजलेत."

धाकटी वाद घालत बसली नाही. तिने जॅक लावला, चाकावर आणि खालच्या शाफ्टवर खडूने खुणा केल्या, आणि चाक दोनदा पुरतं फिरवून शाफ्टचे फेरे मोजले. मागे चाराच्या जरा वर. पुढे जवळजवळ पाच. दोन्हीकडचे फेरे सारखे नसले की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि तो सगळा ताण मधल्या गिअरबॉक्सच्या जिवावर उठतो. हे तिला बाबांनीच शिकवलं होतं, ती पाढे पाठ करायच्या वयाची असताना.

"बाबा, हा मागच्या वेळचाच क्राउन-पिनियनचा सेट आहे. चुकीचा म्हणून काढला होता तो."

बाबांनी टोपी सरकवून डोकं खाजवलं. "असं कसं? तो मी परत पाठवला." मग म्हणाले, "पाठवला ना गं, थोरले?"

थोरली लग्न होऊन कधीच दुसऱ्या शहरात गेली होती. समोर धाकटी उभी होती.

दूरच्या डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्राला सामान पोचवायचं, तिकडेच राहायचं काम तिला मिळालं होतं. असं काम मिळावं म्हणून तिने वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या गाड्या हाकल्या होत्या. अट एकच: गाडी स्वतःची हवी आणि चारही चाकांवर चढणारी हवी. तिने हा जुना ट्रक घेतला तेव्हा त्याच्या पुढच्या अॅक्सलमधल्या क्राउन-पिनियनचे, म्हणजे चाकांना फेरे देणाऱ्या दातेरी जोडीचे, दात उडालेले होते. "हे काय, आठवड्याचं काम," म्हणून बाबांनी छाती ठोकली होती. आता सोमवारी हजर व्हायचं होतं आणि गाडी होती तिथेच होती. दुसऱ्या गॅरेजात न्यावी असं मनात येऊन गेलं होतं. पण मिस्त्रीच्या मुलीनेच गाडी दुसरीकडे टाकली, तर मिस्त्रीने तोंड कुठे दाखवायचं?

तिने थोरलीला फोन लावला.

"अगं, बाबांच्या खिशातच पाना आणि शोधतात घरभर. परवा चहात मीठ घातलं. सेट मागवला म्हणाले, आणि दुकानदार म्हणतो, मला फोनच आला नाही."

"वय झालं गं त्यांचं," थोरली म्हणाली. "तू गेल्यावर कसं व्हायचं? एखाद्या दिवशी गॅस चालू ठेवून बसतील."

"म्हणजे मी जायचं नाही, असंच ना?"

"मी कुठे म्हटलं तसं?"

म्हणायला हवंच होतं असं नाही. धाकटीला बहिणीचा राग आला, बाबांचा आला, त्या मेल्या ट्रकचा आला, आणि म्हाताऱ्या माणसावर आपण रागावतो म्हणून स्वतःचाही आला.

रात्री जेवताना रस्त्यावरून एक जीप गेली. बाबांनी ताटातून मानसुद्धा वर केली नाही. "मागचं बेअरिंग गेलंय हिचं," ते म्हणाले. कान अजून शाबूत आहेत आणि डोकं मात्र साथ सोडतंय, या विचाराने धाकटीने ताट बाजूला सारलं.

शुक्रवारी बाबांनी 'नवा' सेट बसवला. तिने चाक फिरवलं. पुढे पुन्हा जवळजवळ पाच. तिने चाकाखालचा उटीचा दगड नीट सारला, रस्त्यावर गेली आणि केंद्रावर फोन केला.

"साहेब, मला नाही जमणार."

"नक्की? मी आजच दुसऱ्या ड्रायव्हरला पक्कं करतो मग. नंतर मला विचारू नका."

"नक्की," ती म्हणाली. मग गॅरेजमागच्या नळावर जाऊन मनसोक्त रडली आणि तोंड धुऊन आत आली.

"मी कुठे जात नाही, बाबा. त्यांना कळवलं मी. आता इथेच, तुमच्याजवळ."

बाबांनी ग्रीसने माखलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "शहाणी गं माझी पोर." त्यांचे डोळे भरून आले होते. तेवढ्यानेच तिला वाटलं, आपण केलं ते बरोबर केलं.

रविवारी सकाळी इंजिनाच्या आवाजाने तिला जाग आली. ती तशीच अनवाणी मागे धावली. ट्रक खडीचा चढ चढत होता, चारही चाकांवर, कुठे हिसका नाही की कुरकुर नाही. वर पोचल्यावर बाबांनी दोन बोटांनी दांडा मागे सारला आणि गाडी अलगद खाली आणली.

"बाबा! जमलं! सेट मिळाला कुठे?"

बाबा खुशीत होते. इतके खुशीत तिने त्यांना महिनाभरात पाहिलं नव्हतं.

"मिळायचा कुठे, धाकटे?" उतरता उतरता ते म्हणाले. "तुझी हजर व्हायची तारीख ठरली, त्याच दिवशी मी तो माझ्या पलंगाखाली सारून ठेवला होता."