डिंकाची परीक्षा

बाटलीच्या लेबलासाठी अभिनंदननं नवा डिंक काढला होता. बर्फाच्या पाण्यात पक्का, ऐंशी डिग्रीच्या पाण्यात लगेच सुटणारा. आज सरबत कंपनीचे साहेब तपासायला शिरोलीच्या शेडात आले होते. पास झाला तरच ऑर्डर, न्हायतर शेडला कुलूप.

"लेबल मीच चिकटवणार," साहेब म्हणाले.

"लावा की! जरा सढळ हातानं," म्हणत अभिनंदनच्या आईनं, अक्काताईनं, आग्रहानं आणखी डिंक वाढला.

साहेबांनी मुठीत आवळून बाटली बर्फात बुडवली. पाच मिनिटं तशीच धरून ठेवली. मग त्यांनी दुसऱ्या हाताच्या नखानं लेबल खरवडलं. हललंच नाही.

"पहिली परीक्षा पास! पण... बाटली हातातून सुटत नाहीये!"



अक्काताईनं उकळतं पातेलं पुढं सरकवलं. "घाबरू नगा पावणं, दुसऱ्या परीक्षेत लगेच सुटतीय."